कावळा शिवण्याआधी

मुलीला पाळी आली की 'कावळा शिवला', मुलाच्या अंथरुणावर डाग दिसला की 'स्वप्नदोष'. वयात येण्यासाठी मराठीने जमवलेल्या या शब्दांपैकी एकात विटाळ आहे, दुसऱ्यात चक्क दोष. पूर्वी पहिल्या न्हाणाला मखर सजे. बालविवाहाच्या काळातला तो सोहळा गेला हे उत्तमच, पण त्याच्याबरोबर उघडपणे बोलणंही गेलं आणि उरली ती फक्त स्वच्छ राहण्याची ताकीद. कारण न सांगता दिलेली ताकीद स्वच्छतेपेक्षा लाजच अधिक शिकवते. म्हणून शरीरात काय घडणार आहे हे मुलांना ते घडण्याआधी कळलं पाहिजे.

घामाचंच पाहा. वयात येताना काखेतल्या आणि जांघेतल्या निराळ्या ग्रंथी कामाला लागतात. त्यांच्या स्रावाला मुळात वास नसतो. त्वचेवरचे जीवाणू त्याचं विघटन करतात तेव्हा तो सुटतो. हे ठाऊक असलेला मुलगा काख साबणाने धुतो, बनियन रोज बदलतो. नुसतं 'शी, केवढा वास!' ऐकलेला मुलगा डिओडरंट फवारून मोकळा होतो. मुरुम मळामुळे येतात हाही असाच गैरसमज. संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त काम करू लागतात म्हणून ते येतात, आणि चेहरा खसाखसा घासला तर उलट चिडतात. शिश्नावरची त्वचा सहज सरकेल तेवढीच मागे घेऊन धुवावी, ओढू नये, हे मुलग्यांना सांगायचं सहसा राहूनच जातं. योनीमार्ग आतून साबणाने धुण्याची गरज नसते, हे मुलींना सांगायचंही तसंच राहतं. पाळीसाठी कापड वापरायला हरकत नाही, पण ते साबणाने धुऊन उन्हात वाळायला हवं. इथे लाज आडवी येते: कुणाला दिसू नये म्हणून ते दुसऱ्या कपड्यांखाली दडपलं जातं आणि दमटच राहतं. म्हणजे जी लाज स्वच्छतेच्या नावाने शिकवली, तीच अस्वच्छता वाढवते.

'इतक्या लहान वयात कशाला?' हा आक्षेप जुनाच. 2007 मध्ये महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षण विरोधामुळे अडलं. पण वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये साधारण 8 ते 13 आणि मुलग्यांमध्ये 9 ते 14 या वयात होते, आणि मानवी प्रजननाचा सविस्तर धडा येतो दहावीच्या विज्ञानात. घोडं पुढे निघून गेल्यावर लगाम शोधण्यासारखंच हे. अशा माहितीने मुलं बिघडतात, या भीतीला पुरावा नाही. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे. या शिक्षणाने लैंगिक व्यवहार वाढत नाही, असंच त्यात दिसतं. 'हे आईने सांगावं' हा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. आईने सांगावंच. पण भारतातल्या 138 अभ्यासांच्या 2016 मधल्या आढाव्यात, पहिल्या पाळीआधी तिच्याविषयी माहिती असलेल्या मुली जेमतेम निम्म्या निघाल्या. आईलाही तिच्या आईने काही सांगितलं नसेल, तर ती शब्द आणणार कुठून? र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये लैंगिक शिक्षणासाठी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं, त्यासाठी खटले सोसले. तरीही घरोघरी या विषयावर कुजबुजच चालते.

शाळेत याविषयी तास झालाच, तर तो बहुधा मुलींपुरता असतो. मुलग्यांना मैदानावर पाठवतात. आत काय चाललंय याचा अंदाज त्यांनाही असतो, फक्त तो वरच्या वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून आलेला असतो.