घरगुती प्रकाशशेती : एलईडी दिव्याचे घटक निवडताना

जयपूरमधील तिलक नगर ही राजस्थान विद्यापीठाच्या परिसरालगतची निवासी वसाहत आहे. मे महिन्यात या शहराचे कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. सूर्यप्रकाशाची वाण नसलेल्या अशा ठिकाणी घरातील रोपांसाठी विजेचा दिवा लावण्याचा विचार प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु बहुमजली इमारतीच्या तळमजल्यावरील खोलीत थेट ऊन पोहोचत नाही आणि गच्चीवरील ऊन कोवळ्या पालेभाज्यांना सोसत नाही. त्यामुळे कोथिंबीर, मेथी किंवा भाजीची रोपे खोलीतच, मांडणीवर वाढवावीत, अशी कल्पना अनेकांना सुचते. बाजारात सुटे एलईडी, ड्रायव्हर आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सहज मिळत असल्याने असा दिवा घरीच जोडणेही शक्य झाले आहे.

मात्र बहुतेकांची निवड खोक्यावरील वॅटच्या आकड्यावरून किंवा दिव्याच्या जांभळ्या रंगावरून होते. ही पद्धत चुकीची आहे. वनस्पतीची गरज प्रथम ठरवावी, त्यावरून प्रकाश, प्रकाशावरून एलईडी, एलईडीवरून ड्रायव्हर व उष्णताशोषक आणि शेवटी खर्चाचा हिशेब, असा उलटा प्रवास केल्यास निवड अचूक होते. भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिन्ही विषयांची येथे एकत्र उजळणी होत असल्याने स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनाही हा विषय उपयुक्त आहे.

प्रकाश : अन्न आणि संकेत

वनस्पती प्रकाशाचा उपयोग दोन प्रकारे करतात. पहिला उपयोग प्रकाशसंश्लेषणाचा. यात प्रकाश ही ऊर्जा असते व तिची मोठ्या प्रमाणावर गरज भासते. दुसरा उपयोग संकेताचा. दिवस लहान आहे की मोठा, हे ओळखून अनेक वनस्पती फुलण्याचा काळ ठरवतात. गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये हे तत्त्व मांडले. या कामी पानांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य लाल प्रकाश टिपते आणि त्यास अत्यल्प प्रकाश पुरतो.

महाराष्ट्रातील शेतीत या दुसऱ्या उपयोगाची उदाहरणे आढळतात. शेवंती हे लहान दिवसाचे पीक आहे. हरितगृहात रात्री काही तास दिवे लावून तिचे फुलणे लांबवता येते व बाजाराच्या मागणीनुसार फुले आणता येतात. ड्रॅगन फ्रूटचे वर्तन याउलट आहे. सांगली, सोलापूर या कमी पावसाच्या जिल्ह्यांत या फळाची लागवड गेल्या काही वर्षांत वाढली. दिवस लहान असताना रात्री एलईडी दिव्यांच्या माळा लावून बिगरहंगामी बहर घेण्याचा प्रयोग काही शेतकरी करतात. तेथे साधे पांढरे दिवे पुरतात, कारण झाडाला अन्न सूर्यच देतो, दिवा फक्त संकेत देतो.

ऊतिसंवर्धन प्रयोगशाळांची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. ऊतिसंवर्धित बांबूला अकाली फुले आणल्याचे तेथील संशोधन १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अशा प्रयोगशाळांत बाटलीतील रोपांना पोषक माध्यमातून साखर मिळते, म्हणून मांडणीवरील मंद प्रकाशही त्यांना चालतो. तिलक नगरमधील खोलीत मात्र रोपाचे सारे अन्न दिव्यानेच पुरवायचे आहे. दिव्याचे काम येथे सर्वांत अवघड होते.

ल्युमेन नव्हे, प्रकाशकण

दिव्याच्या खोक्यावर ल्युमेनचा आकडा असतो. हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनेवर आधारलेले असून डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. वनस्पतीच्या दृष्टीने ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यात दर सेकंदाला किती प्रकाशकण पानावर पडतात, हे महत्त्वाचे असते. ही संख्या मायक्रोमोलमध्ये मोजतात. कडक उन्हात दुपारी प्रति चौरस मीटर सुमारे २,००० मायक्रोमोल प्रकाशकण दर सेकंदाला पडतात. पालेभाज्यांना १६ तास २०० मायक्रोमोल मिळाले, तर दिवसाची बेरीज सुमारे ११.५ मोल होते व त्यावर त्यांची समाधानकारक वाढ होऊ शकते.

वनस्पतींना फक्त लाल व निळा प्रकाश लागतो, हिरवा निरुपयोगी असतो, हा समज सर्वत्र रूढ आहे. संशोधक मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ जातींच्या वनस्पतींवरील मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत लाल प्रकाश सर्वाधिक परिणामकारक ठरला, तरी हिरव्या प्रकाशातही प्रकाशसंश्लेषण बऱ्यापैकी होत असल्याचे दिसले. पान हिरवे दिसते कारण ते थोडा हिरवा प्रकाश परत पाठवते, बहुतांश हिरवा प्रकाश ते शोषूनच घेते. त्यामुळे जांभळ्या दिव्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. शिवाय त्या उजेडात पानावरील रोगाचे डाग व पिवळेपणा ओळखता येत नाही.

एलईडीची निवड

दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. कार्यक्षम निळ्या एलईडीसाठी मात्र आणखी तीन दशके वाट पाहावी लागली. त्या शोधाबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा पांढरा एलईडी म्हणजे सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी व त्यावरील फॉस्फरचा थर होय. हा थर निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्या व लाल प्रकाशात बदलतो.

तरंगलांबी जितकी अधिक, तितकी प्रत्येक प्रकाशकणाची ऊर्जा कमी. म्हणून एक ज्यूल ऊर्जेतून ४५० नॅनोमीटरचे कमाल ३.७६ मायक्रोमोल, तर ६६० नॅनोमीटरचे ५.५ मायक्रोमोल प्रकाशकण मिळू शकतात. ही सैद्धांतिक मर्यादा आहे. प्रत्यक्षातील मूल्य तिच्या बरेच खाली असते. पांढऱ्या एलईडींसोबत ६६० नॅनोमीटरचे काही लाल एलईडी जोडल्यास विजेची बचत होते आणि रोपे डोळ्यांना नैसर्गिकही दिसतात.

साठ सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद मांडणीचे उदाहरण घेऊ. तिचे क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर. तेथे २०० मायक्रोमोल हवे असतील, तर पानांवर दर सेकंदाला एकूण ७२ मायक्रोमोल पडले पाहिजेत. सुमारे १५ टक्के प्रकाश बाजूंना वाया जातो, हे धरून दिव्यातून ८५ मायक्रोमोल निघावे लागतील. प्रति ज्यूल २.२ मायक्रोमोल देणारे एलईडी वापरल्यास सुमारे ३८ वॅटची गरज पडते. खरेदी करताना म्हणूनच ‘किती वॅट’ याऐवजी ‘प्रति ज्यूल किती मायक्रोमोल’ असा प्रश्न विचारावा. ‘१,००० वॅट’ असे छापलेला स्वस्त दिवा प्रत्यक्षात किती वीज घेतो, हे मोजल्यास ती संख्या अनेकदा निव्वळ तुलनात्मक असल्याचे उघड होते.

ड्रायव्हर आणि सुरक्षितता

एलईडीवरील दाब थोडा वाढला तरी त्यातील प्रवाह झपाट्याने वाढतो. त्यामुळे दाब स्थिर ठेवणाऱ्या साध्या ॲडॉप्टरऐवजी प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर निवडावा. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट व ६६० नॅनोमीटरच्या लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात. बारा पांढरे आणि तीन लाल एलईडी एकसरीत जोडल्यास ४२ व्होल्ट होतात. अशा सरीतून ३०० मिलिॲम्पिअर प्रवाह गेल्यास १२.६ वॅट खर्च होतात. तीन सरींचे मिळून जवळपास ३८ वॅट झाले. प्रत्येक सरीला ३०० मिलिॲम्पिअरचा व ३० ते ५० व्होल्टच्या मर्यादेत चालणारा स्वतंत्र ड्रायव्हर द्यावा. तिन्ही सरी समांतर जोडून एकच ९०० मिलिॲम्पिअरचा ड्रायव्हर लावला आणि एक सर बंद पडली, तर उरलेल्या दोन सरींतून ४५० मिलिॲम्पिअर वाहू लागतात व त्याही लवकर निकामी होतात.

याहून महत्त्वाचा मुद्दा जीविताचा आहे. काही स्वस्त ड्रायव्हरमध्ये मुख्य वीजपुरवठा आणि एलईडीची बाजू यांत विद्युत अलगता नसते. अशा दिव्यावर ४२ व्होल्ट मोजले गेले तरी त्याच्या तारेला हात लागल्यास २३० व्होल्टच्या पुरवठ्याचा धक्का बसू शकतो. थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या एलईडी पट्ट्यांनाही हाच धोका आहे. रोपांना रोज पाणी घातले जाते, त्यामुळे तो अधिकच वाढतो. म्हणून अलगता असलेलाच ड्रायव्हर घ्यावा, ॲल्युमिनियमचा भाग अर्थिंगला जोडावा, तारांचे सांधे ओलाव्यापासून झाकावेत आणि या जोडणीस ३० मिलिॲम्पिअरचे गळती-प्रवाह रोधक संरक्षण असावे. मुख्य पुरवठ्याची जोडणी जाणकार वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. एलईडी ड्रायव्हरसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५८८५ हे मानक असून त्याच्या दुसऱ्या भागातील १३ व्या विभागानुसार नोंदणी अनिवार्य करण्यात आली आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता असो, पुण्याची बुधवार पेठ असो की जयपूरची बाजारपेठ, खरेदीपूर्वी वेष्टनावरील नोंदणी क्रमांक पाहणे हिताचे ठरते.

उष्णतेचा प्रश्न

एलईडी थंड असतो, हे विधान अर्धसत्य आहे. चांगल्या एलईडीतही जवळपास निम्म्या विजेची उष्णता होते व ती मागील बाजूने बाहेर काढावी लागते. अन्यथा प्रकाश घटतो व आयुष्य कमी होते. उदाहरणातील दिव्यात सुमारे २० वॅट उष्णता निर्माण होईल. जयपूरच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान ४२ अंश असेल आणि ॲल्युमिनियमचे तापमान ६५ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसेल, तर फक्त २३ अंशांची वाढ परवडते. म्हणजे प्रत्येक वॅटमागे तापमानवाढ सुमारे १.१ अंशापेक्षा अधिक होणार नाही असा हीटसिंक लागेल. हाच दिवा महाबळेश्वरच्या २५ अंशांच्या खोलीत लावल्यास ४० अंशांची वाढ चालू शकते व प्रति वॅट २ अंशांचा लहान हीटसिंकही पुरेल. घटकांची निवड स्थानिक हवामानाशी कशी निगडित असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

एलईडीचे आयुष्य सांगताना प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे तास मोजतात. हे आयुष्य ५०,००० तास असेल, तर रोज १६ तासांप्रमाणे ते साडेआठ वर्षे होते. मात्र हा दावा ठरावीक तापमानापुरताच खरा असतो. निकृष्ट हीटसिंक बसवून वाचवलेले पैसे अशा रीतीने काही महिन्यांतच वाया जातात.

खर्चाचा ताळेबंद

ड्रायव्हरची कार्यक्षमता ८८ टक्के धरल्यास ३८ वॅटच्या एलईडींसाठी ४३ वॅट वीज घ्यावी लागते. रोज १६ तासांचे ०.६९ युनिट व महिन्याचे सुमारे २१ युनिट होतात. प्रति युनिट ८ रुपये दर गृहीत धरल्यास हा खर्च १६८ रुपये येतो. तेवढ्या पैशांत बाजारातून कोथिंबिरीच्या किती जुड्या येतील, याचा विचार प्रत्येकाने करावा. आठ दिवसांत काढणीस येणाऱ्या कोवळ्या अंकुरभाज्या, भाजीपाल्याची रोपे किंवा अभ्यासाचे प्रयोग यांसाठी खर्च कमी येतो. आठ दिवसांचे सुमारे साडेपाच युनिट, म्हणजे ४४ रुपये होतात.

हाच हिशेब अन्नधान्याला लावल्यास वेगळे चित्र दिसते. निरभ्र दिवशी शेतावर प्रति चौरस मीटर ४० मोल प्रकाशकण पडतात, असे धरू. तेवढे वरील दिव्यांनी पुरवायचे झाल्यास प्रति चौरस मीटर रोज सुमारे ६.७ युनिट आणि एका एकराला रोज सुमारे २७ हजार युनिट वीज लागेल. सौर पॅनेलची कार्यक्षमता साधारण २० टक्के असल्याने ही वीज सौरऊर्जेतून घ्यायची म्हटली, तरी पिकाहून मोठे क्षेत्र पॅनेलखाली घालावे लागेल. गहू व ज्वारीसाठी सूर्याला पर्याय नाही, हा निष्कर्ष यातून निघतो.

राष्ट्रीय संदर्भ

असे प्रयोग सामान्य घरात शक्य झाले, यामागे एलईडीच्या घटलेल्या किमती आहेत. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेद्वारे ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. घाऊक खरेदीमुळे एका दिव्याची खरेदी किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आली. तथापि एलईडीतील मूळ अर्धवाहक चिपसाठी देश प्रामुख्याने आयातीवर अवलंबून राहिला आहे. त्यावर उपाय म्हणून वातानुकूलन यंत्रे व एलईडी दिव्यांच्या सुट्या भागांकरिता ६,२३८ कोटी रुपयांच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेस केंद्र सरकारने एप्रिल २०२१ मध्ये मंजुरी दिली. राजस्थानातीलच पिलानी येथील केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने एलईडी तंत्रज्ञानावर संशोधन केले आहे. संशोधन, मानके आणि उत्पादन यांची सांगड जितकी घट्ट होईल, तितके दर्जेदार सुटे भाग सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचतील. निकामी एलईडी व ड्रायव्हर हे ई-कचरा असल्याने ते अधिकृत संकलन केंद्राकडेच सोपवले पाहिजेत.

तिलक नगरच्या तळमजल्यावरील ती मांडणी सूर्याची जागा घेऊ शकत नाही, घेण्याची आवश्यकताही नाही. उन्हाळ्यात कोवळी रोपे जगवणे, ताज्या पानांची थोडी सोय करणे आणि ऊर्जेचे मोल प्रत्यक्ष मोजून समजून घेणे, एवढे तिच्याकडून अपेक्षित आहे. वनस्पतीच्या गरजेपासून सुरुवात करून सुरक्षिततेशी तडजोड न करता घटक निवडले, तर ही अपेक्षा अल्प खर्चात पूर्ण होऊ शकते.