ग्रास कटर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवताना



आपल्या देणग्यांतून धारणी तालुक्यातील एका बचत गटाला पेट्रोलवर चालणाऱ्या दोन ग्रास कटर मशिनी घेऊन दिल्या, हे आपणांस ठाऊक आहे. गेल्या जुलैत पुढे काय झाले, ते मात्र कळवायचे राहिले.

मशीनला वीडर जोडून सोयाबीनच्या तासांतले तण काढायचे, असा बेत होता. ज्या घरी बैलजोडी नाही, तिथे डवरणी वेळेवर होत नाही. अशा सात-आठ घरांची मदार या दोन मशिनींवर होती. पेरणीला वीस दिवस झाले, तण वर आले, आणि दोरी ओढून खांदे दुखले तरी एकही मशीन सुरू होईना. शेवटी जीपमध्ये टाकून परतवाड्याला नेल्या. मिस्त्रीने टाकीचे झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "सर, मशीनले काई झालं नाई. पेट्रोल सडलं." साफसफाई, रबरी नळ्या बदलणे आणि घाटातली ये-जा यांत आठ दिवस गेले. तोवर तणाने सोयाबीन झाकले होते. गटाला मजुरी देऊन हाताने निंदण करावे लागले. चूक गटाची नव्हती. मशीन चालवायला आम्ही शिकवले. ठेवायला शिकवलेच नाही.

थंड देशांत बर्फ पडण्यापूर्वी बागेच्या मशिनी अशा बांधून ठेवतात. आपल्याकडे थंडी मशीनचे फारसे बिघडवत नाही. पण दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघाले की मशीन कोपऱ्यात जाते, ती थेट मृगापर्यंत. मधल्या सात महिन्यांत वऱ्हाडातले ४५ अंशांचे ऊन आणि पाठोपाठ जूनची ओल. उन्हाने पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. कार्बोरेटरची बारीक छिद्रे त्याने बुजतात.

त्यात आता इथेनॉल आहे. आपल्या पेट्रोलमध्ये ते २०२२ साली १० टक्क्यांवर पोहोचले, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. ऊस-मक्यापासून होणारे इथेनॉल शेतकऱ्याच्या फायद्याचे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ते हवेतली ओल ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि मशीन पेट्रोल ओढते ती तळातूनच. मोटारसायकलची टाकी सतत रिकामी होते, भरते, म्हणून तिथे हे सहसा जाणवत नाही.

तेव्हा शेवटचे काम संपले की इंजिन थंड होऊ द्यावे आणि उघड्या अंगणात, चुलीपासून दूर, टाकी पूर्ण रिकामी करावी. मग मशीन पुन्हा सुरू करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावी, म्हणजे कार्बोरेटरमधलेही पेट्रोल संपते. त्यानंतर ती पुन्हा थंड झाल्यावर प्लग काढून भोकात चमचाभर टू-टी तेल सोडावे, दोरी हळूच दोन-तीनदा ओढावी आणि प्लग बसवावा. या चमचाभर तेलाने आतला गंज टळतो. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. पाते पुसून त्याला तेलाचा हात द्यावा. फोर-स्ट्रोक मशीन असेल तर इंजिनातले जुने ऑइल बदलावे. तिच्या पेट्रोलमध्ये मात्र तेल कधीच मिसळू नये.

मशीन जमिनीवर ठेवू नये, भिंतीला टांगावी. खताच्या पोत्यांजवळ तर नकोच, लोखंड खाल्ले जाते. प्लॅस्टिक गुंडाळल्यास आत ओल धरते. जुने लुगडे बरे. उंदीर पेट्रोलची नळी कुरतडतात, तेवढे मधूनमधून बघावे.

काढलेल्या पेट्रोलचे काय? हेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मी घरोघर ते पाण्याच्या बाटलीत, चुलीच्या खोलीत ठेवलेले पाहिले आहे. लहान मूल तहानेने ती बाटली तोंडाला लावू शकते. पेट्रोल घट्ट झाकणाच्या, पेट्रोलसाठीच असलेल्या डब्यात, घराबाहेर ठेवावे आणि लवकर वापरून टाकावे. तेल मिसळलेले असेल तर ज्याची टू-स्ट्रोक मशीन अजून चालू आहे त्याला द्यावे. नाल्यात ओतू नये.

जूनमध्ये ताजे पेट्रोल आणावे, तेही लागेल तेवढेच. तेलाचे प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असते: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने बुचभर ओतण्याची सवय मोडायला आम्हांला औषधाचे मापाचे झाकण वाटावे लागले!

अमरावती-अकोल्यात चर्चच्या आवारातले आणि कबरस्थानातले गवत कापणारी मशीनही बहुधा अशीच कुठल्या तरी खोलीत पडून असेल. येत्या रविवारी उपासनेनंतर कोणी तिची टाकी उघडून बघावी.

गटाच्या दोन्ही मशिनी यंदा ताईंनी स्वतः रिकाम्या करून, लुगड्यात गुंडाळून टांगल्या आहेत. मी फक्त बाजूला उभा होतो. जूनमध्ये पहिली दोरी ओढताना तिथे असेन. काय होते ते पुढच्या अंकात कळवीन.