एम.ए. करायचं? आधी वर्षं मोजा!

टी.वाय.चे निकाल लागले की मुली हमखास विचारतात, "मॅडम, एम.ए. करू का?" मी उलट विचारते, "कशासाठी गं?" बहुतेकींचं उत्तर ठरलेलं, "घरी बसण्यापेक्षा बरं ना!"

या उत्तराला मी हसत नाही. आपल्याकडं मुलगी कॉलेजात जातेय तोवर 'अजून शिकतेय' म्हणून स्थळं परतवता येतात. दोन वर्षं हक्काची मिळतात. पण मैत्रिणींनो, त्यानंतर काय हे ठरलेलं नसेल, तर गुणपत्रक कपाटात आणि मुलगी बोहल्यावर! माझ्या कितीतरी विद्यार्थिनींचं असंच झालंय.

म्हणून आधी हिशेब मांडा. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतं. तीन वर्षांच्या बी.ए.नंतर एम.ए.ची दोन वर्षं, आणि २०१५ पासून बी.एड.चीही दोन. म्हणजे झाली चार! (एम.ए.नंतर एका वर्षाचं बी.एड. असावं, असा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढं आला. प्रवेश घेताना नियम विचारून घ्या.) सीनियर कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५०, आणि वर नेट किंवा सेट. उलट तलाठी, राज्यसेवा किंवा बँकेच्या परीक्षांना साधी पदवी पुरते. 'एम.ए. असलं की वजन पडतं' या ऐकीव बोलण्यावर जाऊ नका. भरतीची जाहिरात समोर घ्या आणि 'शैक्षणिक अर्हता' ही ओळ नीट वाचा.

आता माझंच सांगते. मी मराठीत एम.ए., सेटही झाले. तरी गेली नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. घेतले तेवढ्याच तासांचं मानधन, मे महिन्यात हात कोरडे. सासूबाई विचारतात, "एवढं शिकून काय मिळालं गं?" मला शिकवायचंच होतं, ते मिळालं. पण घर चालतं ते ह्यांच्या पगारावर, हेही मी मुलींपासून लपवत नाही.

गेल्या वर्षीच्या दोघींची गोष्ट. एकीनं फॉर्म भरण्याआधीच वडिलांना सांगितलं, "बाबा, एम.ए. दोन आणि बी.एड. दोन, चार वर्षं लागतील. मध्येच थांबवायचं असेल तर आत्ताच सांगा." टेम्पो चालवणारे वडील दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "चार म्हणजे चार. पाचवं मागू नकोस." दुसरीच्या घरी दोनच वर्षांची तयारी होती. तिनं एम.ए. सोडून सरळ बी.एड.ला प्रवेश घेतला. नववी-दहावीला शिकवायला बी.ए., बी.एड. चालतं. शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागेल, त्याचाही अभ्यास तिनं सुरू केलाय. दोघींचंही मला पटलं.

आणि संसारात पडलेल्या मैत्रिणींचं काय? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्यासाठीच तर आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये स्पष्टच केलंय. मुलं मोठी झाली, वाचनाची ओढ आहे, तर खुशाल करा एम.ए. आवड हेही कारणच आहे. तिथं नोकरीचा हिशेब कशाला?

शेवटी आयांना एक सांगणं. लेक एम.ए. म्हणाली की "लग्नाचं काय?" हे आधी नको. "पुढं काय, आणि एकूण किती वर्षं?" असं विचारा. घरात सगळ्यांना बसवून बोला. आणि एकदा हो म्हणालात, की शेवटच्या वर्षापर्यंत तिच्या पाठीशी राहा. अर्ध्यावर थांबलेलं शिक्षण ना नोकरीला उपयोगी पडतं, ना मनाला शांत बसू देतं.