कचेरीतली एकच खिडकी

अकोल्याहून अमरावतीला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्या माणसाला मूर्तिजापूर स्टेशन रोज दोनदा भेटते. मी त्यांतलाच एक. या स्टेशनात पूर्वी दोन जातींचे रूळ नांदत असत. एक मुंबई-नागपूरचे, साडेपाच फुटी. दुसरे आपल्या शकुंतलेचे, अवघे अडीच फुटी. यवतमाळ-अचलपूरकडचा कापूस शकुंतला इथवर आणी आणि पुढे त्याच गाठी उतरवून मोठ्या गाडीत चढवाव्या लागत. कापूस तोच, जायचे मुंबईलाच. पण रूळ निराळे, म्हणून हा सारा खटाटोप. शकुंतला आता धावत नाही. तिची आठवण निघाली ती मात्र आमच्या कॉलेजच्या एका प्रकरणामुळे.

प्रकरण तसे माझेच. गेल्या उन्हाळ्यात अंतर्गत परीक्षेचे गुण संगणकावर भरायचे होते. मुले बासष्ट. रविवारी रात्री घरी बसून, लेकीच्या संगणकावर, मी ते सारे भरले आणि शेवटचे बटण दाबले. पान क्षणभर पांढरे झाले, पुन्हा आले. मी समजलो, काम फत्ते! तीन दिवसांनी बडेबाबूंचा फोन आला.

"सर, तुमच्या विषयाचे गुन चढलेच नाही जी!"

मी म्हटले, "अहो, रविवारीच भरले."

"कोन्त्या ब्राउझरमधून?"

वाचकहो, ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पाने उघडून दाखवणारी संगणकातली खिडकी, एवढे मला ठाऊक होते. पण खिडकीलाही जात असते आणि ती कचेरीत विचारली जाते, हे ठाऊक नव्हते. लेकीने स्वतःच्या आवडीची खिडकी बसवली होती आणि कचेरीच्या पानाला ती मानवत नव्हती.

"काहून बाप्पा, नोटीस वाचली नाही काय? आपल्या हापिसातल्या मशीनवरूनच भराचे होते."

नोटीस मी वाचली नव्हती. तोवर मुदत टळली होती. बासष्ट मुलांचा निकाल राखून ठेवला गेला. त्यांतली एक मुलगी दर्यापूरकडच्या खेड्यातली. पुढच्या प्रवेशासाठी तिला गुणपत्रिका हवी होती. ती वडिलांना घेऊन कॉलेजात आली. वडील काही बोलले नाहीत. टोपी हातात घेऊन नुसते बाकावर बसून राहिले. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले.

आधी मी नियमावरच चिडलो. ज्याला जी खिडकी आवडेल ती त्याने उघडावी, कचेरीला काय त्याचे? हा प्रश्न मी आमच्याकडे संगणक सांभाळणाऱ्या तरुणाला विचारला. त्याने उलट मलाच विचारले, "सर, मशीन किती? चाळीस. सांभाळणारा किती? एक." प्रत्येक टेबलावर निराळा ब्राउझर असला, तर प्रत्येक पान चारचार वेळा तपासून पाहावे लागते. कारकुनाने तक्रार केली, की आधी त्याची खिडकी कोणती, तिची आवृत्ती कोणती, येथून आरंभ. शिवाय क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते. जुनीत चोराला शिरायला भोक राहते. एकच ब्राउझर असला, म्हणजे सगळी दारे एका किल्लीने एकदम लावता येतात. आणखी एक गोष्ट तो म्हणाला, ती मला नवी होती. लोक हौसेने ब्राउझरला छोटी छोटी पुरके जोडतात. त्यांतले एखादे, परवानगी दिली की, आपण उघडू ते प्रत्येक पान वाचू शकते, पगारपत्रकसुद्धा! म्हणून मोठ्या कंपन्या कोणता ब्राउझर, त्यात कोणती पुरके, हे स्वतःच ठरवून मध्यवर्ती जागेवरून सगळ्या यंत्रांवर बसवतात. निवडलेला ब्राउझर सर्वांत चांगला असतो असे मुळीच नाही. बिघडला तर कोणी दुरुस्त करायचा, हे त्यात ठरलेले असते.

इथवर मला पटले. पण आम्ही मराठीवाले या एका खिडकीपायी एकदा चांगलेच होरपळलो आहोत, तेही सांगितले पाहिजे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठीतली कित्येक संकेतस्थळे आपापला खास फाँट वापरीत. तो आपोआप उतरवून घेण्याची मायक्रोसॉफ्टची युक्ती इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चाले. दुसऱ्या ब्राउझरने तेच पान उघडले, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची भेळ! मजकूर मराठी, वाचणारा मराठी, आणि मध्ये पुन्हा मूर्तिजापूर.

२००१ साली आलेली त्या ब्राउझरची सहावी आवृत्ती तर कंपन्यांच्या मानगुटीवरच बसली. त्या काळी जगात बहुतेक यंत्रांवर तोच होता. कंपन्यांनी रजेचे अर्ज, हिशेब, मालाची नोंद, सारे त्या एकट्यासाठी लिहवून घेतले. पुढे नवी आवृत्ती आली, तरी जुनी सोडता येईना. सोडली तर हिशेब उघडत नाहीत. २०१० च्या जानेवारीत त्या ब्राउझरमधल्या एका भोकातून मोठमोठ्या कंपन्यांत चोरटे शिरल्याचे उघडकीस आले, तेव्हा जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा-खात्यांनी लोकांना दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला. कंपन्यांतल्या नोकरांना तो सल्ला पाळण्याची सोय कुठे होती? अखेर १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला निरोप दिला. तरी जुन्या पानांसाठी एज या आपल्या नव्या ब्राउझरच्या पोटात त्याची वेगळी खोली राखून ठेवावी लागली आहे, आणि ती निदान २०२९ पर्यंत राहील असे आश्वासन आहे. आमच्याकडे जुने भाडेकरू असेच निघत नाहीत.

माझे मत विचाराल तर कचेरीने एक ब्राउझर खुशाल ठरवावा. पण पाने लिहिताना ती सर्वमान्य नियमांनी लिहून घ्यावीत, म्हणजे उद्या खिडकी बदलली तरी कापूस उतरवावा लागणार नाही. आणि परके पान असेल, तर त्याने निदान "गुण नोंदले गेले नाहीत" एवढे तरी माणसाच्या भाषेत सांगावे! पांढरे होऊन परत येणे हे काही उत्तर नव्हे. पूर्वी पावतीवर शिक्का बसे. तो बसला नाही, की अडाणी माणसालाही कळे.

त्या मुलीची गुणपत्रिका प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारी मिळाली. बडेबाबू स्वतः ती आणायला गेले होते. या हिवाळ्यात पुन्हा गुण भरायचे आहेत. परवा बडेबाबूंनी मला हाक मारून त्यांच्या शेजारची खुर्ची दाखवली.

"सर, इथं बसाचं. शेवटचं बटण आपण दोघं मिळून दाबू."