कोर्टाचे कागद कुणाच्या मालकीचे?

रसायनीचा परिसर वसला तो कारखान्यांच्या भोवती. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचे येथील बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ साली घेतला. परंतु पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रातील धुराडी काही थांबली नाहीत. टँकर येतात, ट्रेलर जातात. मोहोपाड्याच्या बाजारातून, दांडफाट्याकडून, सावरोली-खारपाडा रस्त्यावरून रात्री-अपरात्री ही वाहतूक चालू असते. आणि त्याच रस्त्याच्या कडेने दुसरी पाळी संपवून कंत्राटी कामगार डबा घेऊन घराकडे निघालेला असतो. गाडी कंपनीची असो की शेठची, रस्त्यावर उघड्या अंगाने चालणारा मात्र बहुधा आपलाच माणूस असतो.

आमच्या ओळखीच्या एका भगिनीचा नवरा असाच गेला. धडक देणारा चालक दारू प्यालेला होता, असे पाहणारे सगळे सांगत होते. पुढे काय झाले? रक्ताची तपासणी झाली का? खटला उभा राहिला का? त्या माउलीला काहीच ठाऊक नव्हते. तिच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड, एवढेच कागद. तिला घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो, तेव्हा टेबलापलीकडून पहिला प्रश्न आला, "तुमचा संबंध काय?"

ज्या बाईचे कुंकू पुसले गेले, तिला विचारले जाते की तुमचा संबंध काय! मित्रहो, आजचा हा लेख याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले की गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सिग्नल तोडल्याचा दंड रस्त्यावर पावती फाडून मिटतो. दारूचा गुन्हा तसा मिटविण्याची सोय कायद्यात नाही. तो न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावाच लागतो. म्हणजेच जेथे जेथे हा गुन्हा रीतसर नोंदला गेला, तेथे तेथे कोर्टात कागद असलाच पाहिजे. कागद नसेल तर प्रकरण वाटेत कुठे तरी जिरले, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

कागदाचे मोल काय, हे मुंबईच्या एका खटल्याने दाखविले आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक भरधाव मोटार पदपथावर चढली. तेथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात जण ठार झाले, आठ जखमी झाले. चालक ॲलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के मद्य आढळले, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. तरीही एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिन्यांची साधी कैद व पाच लाख रुपये दंड एवढीच शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सात मजुरांचे प्राण सहा महिन्यांत निकालात निघाले असते, ते निघाले नाहीत. कारण रक्ताचा अहवाल, पंचनामा, साक्षी हे सारे लेखी होते आणि वरच्या कोर्टाला ते वाचता आले.

याच्या उलट बाजूही पाहा. सप्टेंबर २००२ मधील वांद्र्याच्याच अपघाताच्या खटल्यात २०१४ साली साक्षीदारांचे मूळ जबाब सापडत नसल्याचे न्यायालयात सांगावे लागले. पुढे ते सापडले. त्या खटल्यात अभिनेता सलमान खान याला २०१५ साली सत्र न्यायालयाने शिक्षा दिली व उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. निकालावर आम्हाला येथे भाष्य करायचे नाही. परंतु साऱ्या देशाचे लक्ष असलेल्या खटल्याचे कागद जर असे शोधावे लागतात, तर पाळीवरून परतणाऱ्या कामगाराच्या कागदांकडे कोण लक्ष देणार? आणि मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर तर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. तेव्हा कागद कोर्टात पोहोचेपर्यंत वाट पाहू नये. तो तयार होत असतानाच त्याच्यावर नजर ठेवावी.

आता प्रत्यक्ष काय करावे?

पहिली पायरी म्हणजे गुन्हा नोंदणी क्रमांक. प्रथम खबरीची प्रत फिर्यादीस व पीडितास विनामूल्य मिळते. शिवाय ७ सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे, संवेदनशील गुन्हे वगळता, खबर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. हा क्रमांक, वर्ष आणि पोलीस ठाण्याचे नाव वहीत लिहून ठेवावे. पुढचे सगळे दरवाजे याच किल्लीने उघडतात.

दुसरी पायरी कोर्टाची. रसायनी खालापूर तालुक्यात येते, म्हणून साधा खटला खालापूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शोधावा. कर्जत तालुक्यातील असल्यास कर्जतला. नुसते दारूचे प्रकरण बहुधा एस.सी.सी. क्रमांकाने असते, जीव गेला असल्यास आर.सी.सी. क्रमांकाने. सदोष मनुष्यवधाचे कलम लागले तर खटला सत्र न्यायालयात जातो. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र, रायगड, मग तालुक्याचे न्यायालय निवडून गुन्हा क्रमांकाने किंवा आरोपीच्या नावाने शोध घेता येतो. त्यासाठी पैसा पडत नाही. तेथे प्रत्येक खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक दिसतो, पुढची तारीख दिसते. मोबाइल वापरणारे आपल्या वस्तीतले कोणतेही पोर हे दहा मिनिटांत करून देईल.

तिसरी पायरी नकलेची. येथे आपले अनेक कार्यकर्ते चुकतात. ते माहितीच्या अधिकारात कोर्टाकडे निकालपत्र मागतात आणि अर्ज फेटाळला की व्यवस्थेला शिव्या देतात. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, न्यायालयीन कागदांच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांनीच घ्याव्या लागतात. तेव्हा नकलेचा अर्ज लिहावा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि त्यात खटला क्रमांक, पक्षकारांची नावे व हवे ते कागद एकेक करून नमूद करावेत: दोषारोपपत्र, घटनास्थळाचा पंचनामा, रक्ततपासणीचा अहवाल, रोजनामा, निकालपत्र. "सर्व कागद द्या" असे मोघम लिहू नये. निकालाने बाधित झालेल्या व्यक्तीला नक्कल देणे कायद्याने बंधनकारक आहे. आणि मृताचे कायदेशीर वारस हे कायद्याच्या व्याख्येनेच पीडित आहेत. तिऱ्हाइतालाही अर्ज करता येतो. मात्र कारण लिहून न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते. आरोपी अल्पवयीन असेल तर बाल न्याय मंडळाचे कागद असे खुले नसतात, हेही ध्यानात असावे.

माहितीचा अधिकार मग कशासाठी? तो पोलीस ठाणे व परिवहन कार्यालयासाठी. वर्षभरात कलम १८५ खाली किती गुन्हे नोंदले, किती कोर्टात पाठविले, किती परवाने निलंबित केले, हे दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही दहा रुपये माफ आहेत. गावागावांतून असे अर्ज गेले तर प्रकरणे जिरविणाऱ्यांना दहादा विचार करावा लागेल.

नक्कल हाती असण्याचे व्यवहारी कारणही आहे. आरोपी निर्दोष सुटला, हलक्या कलमाखाली शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला अपील करता येते आणि अपिलाला निकालाची प्रत लागते. अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागताना हेच कागद लागतात. १ एप्रिल २०२२ पासून या दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. त्याच दिवसापासून लागू झालेल्या नियमांनुसार तपासी अंमलदाराने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा आहे. तो दिला का, हे विचारणे आपले काम आहे.

आणखी एक कटू सत्य. दारू पिऊन दुचाकी चालविताना पकडला जाणारा तरुणही पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. दिवसाची हजेरी बुडू नये म्हणून तो गुन्हा कबूल करून मोकळा होतो आणि कागद न घेताच घरी येतो. त्या नोंदीवर पुढच्या वेळी दंड वाढतो, चालकाची नोकरी मागताना ती आड येऊ शकते. आरोपीलाही दोषारोपपत्राची प्रत विनामूल्य मिळते. ती घ्यावी, वाचावी, मग कबुलीचे ठरवावे. आणि दारू सोडावी, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

याच जिल्ह्यातील महाडच्या तळ्याचे पाणी १९२३ च्या बोले ठरावाने सर्वांना खुले झाले होते. कागदावर खुले होते. ते खरोखर खुले झाले, ते १९२७ साली माणसे चालत जाऊन ओंजळ भरून प्याली तेव्हा. कोर्टाचा दरवाजाही उघडा आहे, सुनावणी उघड्यावर चालते, तेथे कुणालाही बसता येते. पण आपण बसत नाही.

त्या भगिनीने पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी तिने 'संबंध' या रकान्यात लिहिले, 'मयताची पत्नी, कायदेशीर वारस'. टेबलापलीकडच्या माणसाने शिक्का मारला, पोच दिली. आता तिच्या पिशवीत तिसरा कागद आहे. प्रत्येक वस्तीत निदान एकाने तरी असा अर्ज लिहायला शिकावे, म्हणजे असा प्रश्न आला की खाली मान घालून परत फिरण्याची वेळ पुन्हा कुणावर येणार नाही.