गळाचे रीळ आणि तंगुसाचा पीळ

ओहोटीच्या वेळी वरळीचे खडप, माहीमची खाडी, दादर चौपाटीचे टोक, भाऊचा धक्का, कुठेही जा, गळ टाकून बसलेली माणसे दिसतातच. कुणाला शिंगाळा हवा असतो, कुणाला ढोमा, एखादा तांब किंवा जिताड्याच्या आशेवर काळोख पडेपर्यंत हलत नाही. या मंडळींत हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो: इनलाइन रीळ घ्यावे का? मिनेसोटा किंवा कॅनडात राहणारा भाचा सुट्टीवर येताना असे रीळ घेऊन येतो, किंवा गोठलेल्या तळ्यावर बसून मासे काढणाऱ्यांचे व्हिडिओ बघून मनात बसते, की ज्या रिळाने तंगुसाला पीळच पडत नाही तेच खरे रीळ. यात अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यापायी लोकांचे पैसे वाया जातात, म्हणून नीट सांगायला हवे.

बर्फावरच्या मासेमारीत गळ फेकायचा नसतो, सोडायचा असतो. बर्फात पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर रुंदीचे भोक पाडतात आणि दोन-तीन फुटांच्या काठीने एक-दोन ग्रॅमचे आमिष त्यातून सरळ खाली जाऊ देतात. इनलाइन रीळ या कामासाठीच आहे. त्यात स्पूल स्वतः फिरते आणि तंगूस काठीच्या रेषेत सरळ सुटतो, संक्रांतीला आपल्या गच्चीवर फिरकीतून मांजा सुटतो तसाच. फिरकी धरणारा सावध नसला, तर ढील देताना ती जास्त फिरते आणि मांजाचा गुंता होतो. इनलाइन रिळाचाही हाच दोष आहे, तो पुढे कामाला येईल.

“साध्या स्पिनिंग रिळाने पीळ पडतो, म्हणून ते कमअस्सल”

हा गैरसमज सर्वांत पसरलेला आहे, आणि तो नीट सुटला की बाकीचे आपोआप सुटतात. घरात भेटवस्तूला बांधायची चपटी रिबन असेल तर ती बाटलीभोवती गुंडाळा. आता बाटली स्थिर ठेवून रिबन तिच्या तोंडाकडून वर ओढा. प्रत्येक वेढ्यामागे रिबनीला एक पूर्ण पीळ पडलेला दिसेल. तीच रिबन पुन्हा तशीच गुंडाळा आणि या वेळी बाटली आडवी धरून फिरवत सोडा. रिबन चपटीच्या चपटी उतरेल. पहिला प्रकार स्पिनिंग रिळाचा, दुसरा इनलाइनचा.

इथपर्यंत पाहून लोक निकाल देतात, पण हिशेब अजून पुरा झालेला नसतो. स्पिनिंग रिळात स्पूल स्थिर असते आणि तारेची कडी तिच्याभोवती फिरून तंगूस गुंडाळते. गुंडाळताना कडीच्या एका फेऱ्याला एक पीळ चढतो, आणि पुढच्या वेळी गळ फेकला की तेवढाच पीळ उलट दिशेने उतरतो. जमा आणि खर्च जवळजवळ सारखे. हा मेळ नसता तर काय होते, याचा दाखला इतिहासात आहे. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलॉक यांनी 1884 साली एक रीळ केले. फेकताना ते आडवे वळवायचे, म्हणजे तंगूस टोकावरून सुटे, आणि गुंडाळताना परत सरळ करायचे. फेकीत पीळ चढे, गुंडाळताना उतरत नसे, आणि दर फेकीगणिक तो साठत जाई. पुढे इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे गिरणीमालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी 1905 साली स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट घेतले. बॉबिनच्या टोकावरून सूत कसे सुटते, हे गिरणीत रोज दिसत असे. त्यांनी तीच युक्ती गळाच्या दोरीला लावली.

लालबाग-परळच्या वाचकाला इथे वेगळे काही समजावून सांगावे लागू नये. ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी 1856 मध्ये सुरू झाली, आणि पुढे या भागातल्या कैक पिढ्यांनी गिरण्यांच्या रिंग खात्यात काम केले. तिथे ट्रॅव्हलर नावाची छोटी कडी बॉबिनभोवती गरगरा फिरते आणि तिच्या एका फेऱ्यागणिक सुताला एक पीळ बसतो. पिळाशिवाय सुताला ताकद नाही, म्हणून गिरणीत तो मुद्दाम घालतात. स्पिनिंग रिळाची कडी नेमके तेच करते. फरक एवढाच, की तंगुसाला पीळ नको असतो.

मग प्रत्यक्षात पीळ साठतो कशाने? बहुतेक वेळा आपल्याच हाताने. मासा जोरात ओढतो, ड्रॅग (ताण वाढला की तंगूस सुटू देणारा रिळाचा ब्रेक) कर्रकर्र सुटत असतो आणि आपण घाबरून हँडल फिरवत राहतो. तंगूस इंचभरही आत येत नाही, पण कडी स्पूलभोवती फिरतच असते. रीळ पाचपटीचे असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ. अशी अर्धा मिनिट झटापट झाली की शे-सव्वाशे पीळ सहज चढतात, आणि ते कुठल्याच फेकीत उतरत नाहीत. ड्रॅग सुटत असेल तेव्हा हँडल थांबवा. काठी वर उचलून मासा जवळ आणा, काठी खाली नेता नेता तेवढाच तंगूस गुंडाळा. दुसरे कारण आमिषाचे. कोळंबी गळावर वाकडी लावली की परत ओढताना ती पाण्यात भोवऱ्यासारखी फिरते आणि स्विवेल (तंगूस आणि गळ यांच्यामधला फिरता सांधा) गंजलेले असेल तर तो सगळा पीळ तंगुसात जातो. तिसरे कारण नवा तंगूस भरण्याचे. दुकानातले रीळ जमिनीवर आडवे ठेवून दहा-पंधरा फेरे गुंडाळा, मग ताण सोडून बघा. तंगूस वेटोळी घालू लागला तर ते रीळ उलटे करून ठेवा आणि मग पुढे भरा.

आधीच पीळ पडला असेल तर रीळ बदलू नका. पहाटे चौपाटीवर माणसे नसताना ओहोटीच्या ओल्या वाळूवर गळ, शिसे, स्विवेल सगळे काढून नुसता तंगूस सोडा, पन्नासेक पावले चालत तो मागे फरफटू द्या आणि चिमटीत ताण धरून गुंडाळा. टोक मोकळे असल्याने पीळ आपोआप निघून जातो.

बर्फावरच्या लोकांना मग इनलाइनचा एवढा आग्रह का? त्यांचे आमिष एक-दोन ग्रॅमचे आणि पाण्यात सरळ लोंबणारे. तंगुसात थोडा जरी पीळ असला तरी ते जागच्या जागी गोल फिरत राहते, आणि माशाला संशय येतो. आपल्याकडे साठ-सत्तर ग्रॅमचे शिसे तळाला जाऊन बसते. त्याला या किरकोळ पिळाचे काही वाटत नाही.

“उत्तम ते इनलाइन, मग वरळीलाही तेच”

वरळीच्या खडपावरून शिसे निदान चाळीस-पन्नास मीटर पुढे टाकावे लागते, नाहीतर ते दगडांतच अडकते. इनलाइन रीळ फेकण्यासाठी नाही. फेकीच्या जोराने स्पूल फिरत सुटते, शिसे पाण्यात पडून थांबले तरी ते थांबत नाही, आणि फिरकीचा तो गुंता हातात येतो. शिवाय त्याची गती कमी. स्पूलचा व्यास सहा सेंटिमीटर आणि गिअर अडीचपट धरला, तर हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे 47 सेंटिमीटर तंगूस आत येतो. पाच सेंटिमीटर व्यासाच्या, 5.2 पटीच्या स्पिनिंग रिळात सुमारे 80. पन्नास मीटर तंगूस बाहेर असेल तर स्पिनिंगमध्ये साठ-पासष्ट फेरे, इनलाइनमध्ये शंभराच्या वर. दगडांवरून शिसे झटकन उचलून आणायचे असते तिथे हा फरक महाग पडतो.

इनलाइन मुंबईत अगदीच निरुपयोगी आहे असे मात्र नाही. बोटीतून किंवा धक्क्यावरून गळ सरळ खाली सोडायचा असेल, मासे लहान असतील, तर ते सुरेख चालते. पण बहुतेक इनलाइन रिळे गोड्या पाण्यासाठी केलेली असतात. खाऱ्या हवेत त्यांचे आयुष्य स्पिनिंगपेक्षा जास्त असेल अशी आशा धरू नका.

“जितकी बेअरिंग जास्त, तितके रीळ चांगले”

खोक्यावर “12+1” छापलेले असते आणि गिऱ्हाईक त्याला भुलते. त्यातला “+1” बहुतेक वेळा हँडल उलटे फिरू न देणाऱ्या रोलर बेअरिंगचा असतो. खाऱ्या पाण्यात दहा स्वस्त बेअरिंग म्हणजे गंजायला दहा जागा. गंजरोधक, झाकलेली चार-पाच बेअरिंग योग्य जागी असली तर पुरे. दुकानात आधी एकच जागा बघा: कडीच्या टोकाशी तंगूस जिच्यावरून वळतो ती लहान चाकी. तंगूस तिच्यावर ठेवून ताणात ओढा. चाकी सहज फिरली पाहिजे. ती अडकत असेल तर तंगूस तिच्यावर घासतो, त्याला पीळही पडतो आणि तो झिजतोही. मग बाकीची अकरा बेअरिंग सोन्याची असली तरी उपयोग नाही.

“ड्रॅग आवळलेला बरा, मासा सुटत नाही”

उलट, तसाच मासा सुटतो. ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ठेवायचा असतो, कारण गाठीपाशी ताकद आधीच कमी झालेली असते आणि माशाचा झटका एका क्षणात येतो. तंगूस 15 पौंडाचा, म्हणजे सुमारे 6.8 किलोचा असेल, तर ड्रॅग पावणेदोन ते सव्वादोन किलोवर सुटायला हवा. अंदाजाने हे जमत नाही. रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा घ्या. तंगूस काठीच्या कड्यांमधून ओवून काट्याला बांधा, काठी तिरपी धरा आणि सोबतच्या माणसाला काटा ओढायला सांगा. ड्रॅग सुटू लागतो तेव्हाचा आकडा वाचा आणि त्याप्रमाणे गुंडी सैल किंवा घट्ट करा. खोक्यावर बारा किलो ड्रॅग लिहिलेला असतो, पण सात किलोच्या तंगुसाला त्याचा काय उपयोग?

रिळाच्या आकड्याबद्दल थोडेच. 4000 किंवा 5000 हे सरकारी माप नाही. एका कंपनीचे 4000 दुसरीच्या 3000 एवढे भरते. आकडा सोडून काठीवर चढवून हातात तोल बघा. आपल्या किनाऱ्याला मध्यम आकार पुरतो. स्पूल काठापासून दोन-तीन मिलिमीटर रिकामे राहील एवढे भरा. त्यापेक्षा कमी भरले तर फेक आखूड पडते, जास्त भरले तर वेढे गळून गुंता होतो.

“ब्रेड लावली की काळजी मिटली”

विणलेली दोरी बारीक असून ताकदवान असते, ताणत नाही, लांब जाते. पण पीळ तिलाही पडतो, फक्त लवकर दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा गाठ होऊन बसलेला असतो. मुंबईच्या खडपावर तिचा खरा वैरी कालवे आहेत. त्यांच्या धारेवर ताणलेली ब्रेड सुतासारखी तुटते, तर जाड तंगूस ओरखडे सोसून टिकतो. म्हणून ब्रेडच्या पुढे दोन-तीन हात जाड तंगूस बांधावाच.

घरी आल्यावर रीळ नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका. त्या दाबाने खारे पाणी आणि वाळू आतच ढकलली जाते. ड्रॅग आवळून गोड्या पाण्याची हलकी शिंपड करा, पुसा, सावलीत वाळवा आणि ठेवताना ड्रॅग सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात.

थोडक्यात सांगायचे तर, खडपावरून आणि चौपाटीवरून टाकणाऱ्याने मध्यम आकाराचे, चाकी हलकी फिरणारे स्पिनिंग रीळ घ्यावे आणि उरलेले पैसे चांगल्या स्विवेलवर, ताज्या तंगुसावर खर्च करावेत. इनलाइन त्यानेच घ्यावे, ज्याला गळ सरळ खाली सोडायचा आहे. आणि गुंता झालेला, पीळ पडून टाकाऊ झालेला तंगूस खडपावर किंवा टेट्रापॉडच्या फटीत टाकू नका. तो कुजत नाही, त्यात पक्ष्यांचे पाय आणि मासे अडकतात. बारीक तुकडे करून पिशवीत घाला आणि घरच्या कचऱ्यात टाका.