विश्लेषण : पट वीसच्या खाली गेला की शाळेतला शिक्षक का जातो?

जिल्हा परिषदेच्या लहान शाळांमध्ये सध्या मुलांइतकीच चर्चा आहे ती आकड्यांची. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकसंख्या ठरवण्याचे निकष बदलले आणि ‘वीस’ हा आकडा वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांसाठी निर्णायक ठरला.

संचमान्यता म्हणजे काय?

कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यायचे, हे दरवर्षी ठरते. त्यालाच संचमान्यता म्हणतात. ३० सप्टेंबरचा पट त्यासाठी धरला जातो आणि आधार वैध असलेले विद्यार्थीच मोजले जातात. आधारमध्ये नावाची किंवा जन्मतारखेची चूक असेल, तर वर्गात रोज बसणारे मूलही मोजणीतून सुटू शकते.

नवे निकष काय सांगतात?

पहिली ते पाचवीचा पट वीसपर्यंत असेल तर एक नियमित शिक्षक आणि दुसरा गरजेनुसार, निवृत्त शिक्षकांमधून. सहावी ते आठवीचा पट वीसपेक्षा कमी असेल तर नियमित पदच मंजूर होत नाही. ‘शून्य शिक्षकी शाळा’ हा शब्द आला तो इथून.

कायद्यात काय आहे?

१ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत ६० मुलांमागे दोन शिक्षक हवेत. सहावी ते आठवीसाठी वर्गामागे किमान एक, तसेच विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी शिक्षक हवेत. शिक्षक संघटनांचा मुख्य आक्षेप याच तफावतीवर आहे.

कंत्राटी शिक्षकांचे काय झाले?

सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत दरमहा १५ हजार रुपयांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय झाला. त्याविरोधात २५ सप्टेंबरला शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. वीसची मर्यादा दहावर आणली गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. संचमान्यतेचे निकष मात्र राहिले. ते मागे घ्यावेत, ही ५ डिसेंबर २०२५ च्या शाळा बंद आंदोलनाचीही एक मागणी होती.

सरकारची बाजू काय?

राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १४ हजार ७०० शाळा असून त्यांत १ लाख ८५ हजारांच्या आसपास मुले शिकतात. चार-पाच मुलांच्या वर्गात खेळ, गटकार्य, स्पर्धा होत नाहीत. शिक्षक जास्त मुलांच्या शाळेत द्यावेत, असा युक्तिवाद आहे. पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर समूह शाळांची कल्पना त्यातूनच पुढे आली.

फटका कोणाला?

एकशिक्षकी शाळेत तोच शिक्षक पाच वर्ग सांभाळतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो आणि ऑनलाइन माहितीही भरतो. तो बैठकीला गेला की शिकवणे थांबते. सहावीचा वर्ग बंद झाला तर मुलांना दुसऱ्या गावी जावे लागते. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. पण वाडीपर्यंत गाडीच येत नसेल तर पास दप्तरातच राहतो. ओढा आणि रान ओलांडून मुलीला पाठवायचे की घरी बसवायचे, हा निर्णय मग आईबापांवर येतो.

निकष पटावर ठरतात. शाळा किती लांब आणि रस्ता कसा, हे त्या तक्त्यात दिसत नाही.